डाव्या पापणीवरचा मोरपंखी

"डोळे मिटा, वहिनी."

"मिटलेत की."

"उजवा मिटलाय. डावा उघडाच आहे."

मी पुन्हा जोर लावला. उजव्या बाजूचं कपाळ आक्रसलं, उजवा गाल वर चढला. डावी पापणी मात्र अर्ध्यावर येऊन थांबली, गंजलेल्या शटरसारखी.

"राहू द्या," चारू म्हणाली. तिनं बोटाच्या टोकानं ती पापणी अलगद खाली ओढली आणि तशीच धरून ठेवली.

तेव्हा आम्ही चाळीसगावात राहायचो. होळी होऊन गेली होती आणि दुपारचं घर तापायला लागलं होतं. मी स्वयंपाकघरात खिडकीशी, उजेडात, मान मागे टाकून खुर्चीवर बसले होते. चारू, म्हणजे माझी धाकटी नणंद चारुशीला, माझ्यासमोर वाकून उभी होती. ओट्यावर तिची नवी आयशॅडोची डबी उघडी पडली होती. आठवडी बाजारात टिकल्या-बांगड्यांच्या गाडीवर मिळते तसली, पातळ प्लास्टिकची. झाकणाला आतून आरसा होता, त्यात चेहरा पाण्यात पडल्यासारखा हलायचा. आणि आत ओळीनं रंग. मोरपंखी, राणी, पोपटी, जांभळा, नारिंगी, लिंबासारखा पिवळा. असे रंग मी रांगोळीवाल्याकडेच पाहिले होते.

"ह्यातला कुठला माणसाच्या तोंडावर शोभेल?" मी विचारलं होतं.

"परीक्षेत रंगीत डोळेच करायचेत," ती म्हणाली होती. "चांगली पॅलेट घ्यायची तर पुढच्या वर्षीच परीक्षा द्यावी लागेल. हिच्यावरच भागवायचंय."

ब्रशानं लावला की तो रंग पिठासारखा उडायचा आणि निम्मा गालावर पडायचा. चारूनं आधी स्वतःच्या मनगटावर सगळे लावून पाहिले. सुका लावला तर फिका, ओल्या बोटानं लावला तर झगझगीत, हे तिचं तिनंच शोधून काढलं. मग मनगट पुरेना. तिच्या पार्लरच्या क्लासला परीक्षेसाठी प्रत्येकीनं आपापली मॉडेल आणायची होती. शेजारची मुलगी आधी कबूल झाली होती, पण तिच्या आईनं नको म्हटलं. मुलीचं लग्न ठरत होतं, आणि नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईचा हात तिच्या तोंडावरून फिरायला नको, असं त्या आईनं आमच्या फाटकात उभं राहून समजुतीच्या सुरात सांगितलं. चारू 'बरं' म्हणून आत आली. मग थोड्या वेळानं मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही बसता का?"

"मी? ह्या तोंडानं?"

"मला डोळेच हवेत."

मी बसले. नाही म्हणायला कारणं सांगावी लागतात, आणि तेवढाही जोर माझ्यात नव्हता.

महिनाभरापूर्वी एका सकाळी चूळ भरताना तोंडातलं पाणी डाव्या बाजूनं आपोआप गळून गेलं होतं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा झोपल्यासारखा. ओठ एकीकडे ओढलेला, डावी भुवई सपाट, डोळा टक्क उघडा. हे घाबरून रिक्षा घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू नाही, चेहऱ्याची नस सुजलीय, बरं होईल, वेळ लागेल. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले. धूळ जाऊ द्यायची नाही, डोळा चोळायचा नाही, झोपताना वर पट्टी लावायची. "ताण फार घेता का?" त्यांनी विचारलं. मी हसले असावे. त्यांनी मान फिरवली, म्हणजे ते हसू कसं दिसलं असेल ते मला कळलं.

ताण असा काही वेगळा घेतला नव्हता. सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, त्या गेल्या. मुलगा नाशिकला शिकायला गेला. शाळा होती, घर होतं. संक्रांतीला चारू चार दिवस म्हणून आली आणि राहिली. मी नुसती दमले होते. झोपून उठल्यावरही दमलेली असायचे.

शाळेत माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, हे इतकी वर्षं शिकवून मला कधी जाणवलं नव्हतं. दुखणं झाल्यावर आठवड्यानं मी कामावर गेले. फळ्यावर कमळ काढलं आणि म्हटलं, म्हणा. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं माझ्याकडे नीट पाहिलं, आपला ओठ एका बाजूला ओढला आणि माझ्यासारखंच, तसंच वाकडं, 'कमळ' म्हटलं. ती चिडवत नव्हती. बाई दाखवतील तसं म्हणायचं, हे तिला मीच शिकवलं होतं. मी त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. तेव्हापासून बाहेर पडायचं तर पदर डाव्या गालावर घ्यायचा, घरात कोणी आलं तर उजवी बाजू पुढे करून बसायचं. ह्यांनी औषधपाण्यात काही कमी केलं नाही. फक्त बोलताना ते माझ्या खांद्याकडे बघून बोलायला लागले.

चारूचं तसं नव्हतं. डबी आणल्यापासून ती रोज दुपारी तासभर माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायची. डावी पापणी किती लोंबते, उजवी किती वर जाते, दोन्ही सारख्या दिसायला कुठला रंग कुठवर न्यायचा, असं मोजूनमापून बघायची. त्या बघण्यात कीव नव्हती. भिंत रंगवायला आलेला माणूस भिंतीकडे बघतो, तसं. मला त्याचा आराम वाटायचा.

त्या रविवारी ती डाव्या डोळ्यापासून सुरुवात करत होती, कारण तोच अवघड होता. आधी थेंब घातले, पापणी कापसानं टिपली. मग करंगळीशेजारचं बोट पाण्यात बुडवून, झटकून, मोरपंखी रंगावर टेकवलं.

"उद्याच्या परीक्षेचं नक्की ना?" मी विचारलं. माझं बोलणं तेव्हा तोंडात सुपारी धरल्यासारखं यायचं, पण तिला कळायचं.

"दादा म्हणालाय बॅग भरून ठेव. ऊन उतरलं की येतील ते लोक."

मला ठाऊक होतं. तिचे सासरे पाचोऱ्याहून येणार होते, तिचा नवरा विलासराव येणार होता, आणि मध्यस्थ म्हणून ह्यांचे काका, तात्या. रविवारी काय ते ठरवून टाकायचं, असं हे दोन दिवसांपासून घोकत होते. म्हणजे काय ठरणार, हेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्या बाबतीत मत बनवलं नव्हतं. मत बनवायलाही ताकद लागते.

"मग हे कशाला करतेस? परीक्षेला तर जाता येणार नाही."

"हात रिकामे नकोत म्हणून."

तिनं पापणीच्या आतल्या कोपऱ्यापासून रंग बाहेर नेला. बोट अगदी हलकं होतं. मग राणी रंग घ्यायला ती वळली.

"चारू, तू कुणाला काहीच सांगत नाहीस," मी म्हणाले. "ते मारतात का?"

"नाही."

"पितात? दुसरं काही?"

"काही नाही. डोळे मिटा."

मी उजवा मिटला. बोट भुवईखाली फिरत राहिलं.

"ते माझ्याशी बोलत नाहीत," ती म्हणाली.

"भांडण झालं होतं?"

"भांडायला बोलावं लागतं, वहिनी. पहिल्यापासून नाही. लग्न झालं त्या आठवड्यात मला वाटलं, लाजत असतील. मग वाटलं, मी आवडले नसेन. सासूबाईंना सांगायचे, 'तिला म्हणावं डबा भर.' मी तिथंच उभी असायचे, डबा हातात घेऊन. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, 'डबा भर.'"

"चार वर्षं?"

"हो."

"एकटे असतानासुद्धा?"

"तेव्हासुद्धा." तिनं बोट पुसलं. "खालच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलतात. बी कुठलं, फवारणी कधी करायची, सगळं नीट सांगतात. मी कधी कधी जिन्यात उभी राहून ऐकायचे."

डोळे मिटलेल्या माणसासमोर बोलायला सोपं जातं, म्हणून ती बोलत होती. पण तिनं डाव्या पापणीवरचं बोट काढलं होतं, आणि त्या उघड्या डोळ्यानं मला सगळं दिसत होतं. तिचा चेहरा अगदी शांत होता. रंग नीट बसलाय का, एवढंच ती बघत होती.

"वाईट नाहीत ते," ती म्हणाली. "मला टायफॉइड झाला तेव्हा डॉक्टरकडे नेलं. मोसंबी सोलून बशीत ठेवायचे. बशी ठेवून निघून जायचे."

"मग आताच का आलीस निघून?"

"मार्गशीर्षात एकदा दारावर भाजीवाली आली. मेथी कशी दिली, एवढंच विचारायचं होतं. माझा आवाजच फुटेना. तोंड उघडलं, आणि काही नाही. ती बाई मला म्हणाली, मुकी आहेस का गं." चारूनं राणी रंगाची कड बोटानं पुसून हलकी केली. "त्या दिवशी भीती वाटली मला. हे कुणाला कसं सांगू? दादाला सांगितलं तर म्हणेल, एवढंच?"

मी उजवा डोळाही उघडला.

तेवढ्यात फाटक वाजलं. ऊन अजून तसंच होतं. बाहेरच्या खोलीत ह्यांची खुर्ची सरकली आणि तात्यांचा आवाज आला, "गाडी मिळाली म्हणून लवकरच निघालो."

चारूचा हात थांबला. तिनं डबी मिटली, ओढणी सारखी केली.

"तुमचा उजवा राहिला," ती म्हणाली.

"राहू दे. तू आत बस."

मी चहा ठेवला. उकळी येईपर्यंत बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणायचे. सरळ माणूस, आवाज मोठा.

"आमच्या विलासला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही," अण्णा सांगत होते. "आजवर तिच्या अंगाला बोट लावलं नाही. तिलाच विचारा."

"तसं तिचंही काही म्हणणं नाही," तात्या म्हणाले. "काही सांगतच नाही ती."

"सांगण्यासारखं असेल तर सांगेल ना. मूलबाळ नाही म्हणून मन रमत नसेल. होईल, वय काही गेलं नाही."

"बरोबर आहे," हे म्हणाले.

विलासरावांचा आवाज एकदाही आला नाही.

चहा गाळताना खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसला. डाव्या डोळ्यावर मोरपंखी पंखा उघडल्यासारखा, वर राणी रंगाची धार, भुवईखाली पिवळं. उजवा डोळा कोरा. खाली वाकडं तोंड. मी कापूस हातात घेतला. मग डॉक्टरांनी चोळू नका म्हटलेलं आठवलं. थेंब घाला, ओलं करा, हलकेच टिपा, एवढं सगळं करायचं, आणि नंतर पुन्हा पदर गालावर ओढायचा, एका हातानं ट्रे धरायचा, उजवी बाजू पुढे ठेवायची. मला त्या सगळ्याचा इतका कंटाळा आला की कापूस ओट्यावर ठेवून दिला. दोन्ही हातांनी ट्रे उचलला आणि गेले.

बोलणं थांबलं. तात्यांनी चष्मा वर केला. "सूनबाई, हे काय..." ते म्हणाले आणि तिथंच थांबले. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली. हे उठून उभे राहिले.

"तू आत जा. चहा मी देतो."

मी ट्रे टीपॉयवर ठेवला. आत जायला वळायचं होतं, पण समोर विलासराव बसले होते. अंगानं बारीक, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये. त्या खोलीत माझ्याकडे सरळ बघणारे ते एकटेच होते. मी पाहिलं तशी त्यांनी नजर खाली घातली.

"मला एक विचारायचंय," मी म्हणाले. "विलासरावांना."

"विचारा की," अण्णा म्हणाले.

"उत्तर तुम्ही नाही द्यायचं, अण्णा. त्यांनी द्यायचं."

माझे शब्द एकमेकांत शिरत होते. मी सावकाश, पहिलीच्या मुलांना सांगते तसं, एकेक शब्द वेगळा काढत बोलले.

"विलासराव, चारू आत आहे. बॅग भरलेली आहे. तुम्ही तिला इथूनच हाक मारा. नावानं. आणि चल म्हणा. तुम्ही म्हटलं की ती येईल. मी शब्द देते."

हा शब्द द्यायचा मला काही अधिकार नव्हता. चारूला मी विचारलं नव्हतं. त्यांनी हाक मारली असती तर तिला जावं लागलं असतं, आणि ते माझ्यामुळे. बोलून झाल्यावर हे माझ्या लक्षात आलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"एवढंच ना," अण्णा हसून म्हणाले. "म्हण रे."

विलासरावांनी मान वर केली. तोंड थोडं उघडलं. पंख्याचा आवाज येत होता. बाहेरून एक भंगारवाला ओरडत गेला, लांब गेला, तरी ते तसेच होते. कपाळावर घाम आला होता. मी इतक्या जवळून कुणाला इतका जोर लावताना पाहिलं नव्हतं.

"अरे, म्हण ना," अण्णा म्हणाले. ह्या वेळी त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

विलासरावांनी तोंड मिटलं.

"तो लहानपणापासून अबोलच," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. "बायकांसमोर जास्तच. त्याचं काय एवढं?" आणि मग आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनीच हाक दिली, "चारुशीला, चल बेटा, निघू या."

"तुम्ही नका, अण्णा," तात्या म्हणाले.

तात्या सगळ्यांत वयस्कर. आतापर्यंत ते समेटाच्या घाईत होते, चहा घेऊन सहीशिक्का झाल्यासारखं उठायचं, अशा. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"विलास, किती दिवस चाललंय हे?"

उत्तर आलं नाही. अण्णांनीही दिलं नाही. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं, आणि घरातलं ठाऊक असलेलं असं चारचौघांत पहिल्यांदाच समोर आलं होतं.

माझा डावा डोळा कोरडा पडून चुरचुरत होता. मिटता येत नसल्यानं तो असा आपोआप गळायला लागायचा. पाणी गालावर उतरलं, सोबत निळा रंग घेऊन. त्यांना वाटलं असेल मी रडतेय. मी रडत नव्हते, पण पुसायला हात उचलला नाही.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. खांद्याकडे नव्हे. मग आतल्या दाराच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली चारूची पावलं दिसत होती, आणि पावलांशेजारी बॅगेचा तळ, जमिनीपासून वर उचललेला.

"अण्णा, चहा घ्या," हे म्हणाले. "चारू इथंच राहील."

"तुम्ही नीट विचार करा, भालचंद्रराव."

"केला," हे म्हणाले. "चहा निवतोय."

चहा कुणी संपवला नाही. पण कपाला तोंड लावल्याशिवाय कुणी उठलं नाही, आणि मोठ्यानं कुणी बोललं नाही.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. दुसऱ्या दिवशी मी चारूबरोबर क्लासला गेले आणि मुलींच्या रांगेत, सगळ्यांत म्हातारी मॉडेल म्हणून बसले. तपासायला आलेल्या मॅडमनी डोळे मिटायला सांगितले आणि दचकल्या. "ती पापणी तशीच आहे, मॅडम," चारू म्हणाली आणि बोटानं खाली धरून दाखवली. मॅडमनी बराच वेळ पाहिलं. रंग हलका वापरलाय, हात चांगला आहे, असं म्हणाल्या. चारू पास झाली, पहिली वगैरे आली नाही. फारकतीला वेळ लागला, पण तिकडून कुणी खोडा घातला नाही. चारूनं आधी दुसरीच्या पार्लरमध्ये काम केलं, मग स्वतःचं काढलं. आता ती जळगावला असते. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून रात्री तिचा घसा बसतो, हे ती फोनवर तक्रारीसारखं सांगते.

माझा चेहरा गणपतीपर्यंत बराचसा परत आला. आधी भुवई हलली, मग डोळा मिटायला लागला, प आणि म सगळ्यांत शेवटी आले. अजूनही फार दमले की डावी पापणी मागे राहते. हे त्यानंतर कधी त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पण तात्या आले की मला चहा घेऊन बाहेर बोलवायचे आणि समोर बसवायचे.

त्या दुपारची एक गोष्ट राहिली.

पाहुणे निघाले तेव्हा मी त्यांच्या मागोमाग बाहेरच्या ओट्यापर्यंत गेले. अण्णा आणि तात्या फाटकाबाहेर गाडीपाशी पोचले होते. विलासराव मागे राहून बुटाची नाडी बांधत होते. नाडी बांधून झाली तरी ते वाकूनच होते.

"वहिनी," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, दुसरंच कुणी बोललं.

"मी रोज ठरवायचो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "उद्या बोलू, उद्या बोलू. मग इतके दिवस झाले, की सुरुवात कुठून करायची तेच कळेना."

मी काही म्हणायच्या आत ते उठले आणि गाडीत जाऊन बसले.

मी आत आले. चारूनं बॅग भिंतीशी ठेवली होती आणि खुर्ची पुन्हा खिडकीशी ओढली होती. ऊन उतरायला आलं होतं, उजेड थोडाच उरला होता. मी बसले. तिनं डबी उघडली, बोट ओलं केलं.

सांगावं की नाही, असा विचार करायला मी थांबले नाही. सांगून टाकलं. शब्द जसे होते तसे, फक्त माझ्या वाकड्या तोंडातून.

तिचं बोट माझ्या उजव्या पापणीवर टेकलेलं होतं. ते तिथंच राहिलं.

"एवढं मोठं वाक्य बोलले?" तिनं विचारलं.

"हो."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. 'दिवस' आणि 'सुरुवात' नीट आले. 'मी' आला नाही. तो शब्द मी दुसऱ्यांदा म्हटला, तरी आला नाही. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आवाज कसा होता?"

"नेहमीचाच असेल. मी कुठं ऐकलाय?"

"बी-बियाणं सांगतानाचा मी ऐकलाय," ती म्हणाली. "माझ्याबद्दल बोलतानाचा नाही. कसा होता?"

मी आठवून पाहिलं. बाहेरच्या ओट्यावरची ती वाकलेली पाठ डोळ्यांपुढे आली.

"दमलेला," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मग बाजूचा कापूस उचलला, पाण्यात भिजवून पिळला आणि माझ्या डाव्या गालावर उतरलेला निळा ओघळ टिपायला घेतला.